मालवणच्या प्रवाळावर पोट असलेल्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
(प्रती: कांदळवन कक्ष, वन विभाग, सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र सागरी मंडळ, पर्यटन संचालनालय, मालवण नगरपरिषद आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती)

विषय: तापत्या समुद्राने प्रवाळावर जगणाऱ्यांवर येणारे संकट आणि त्याची आधीच करायची तयारी

महोदय,

आमच्या संघटनेत स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचे गाइड आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसे नेणाऱ्या होड्यांचे मालक आणि तांडेल आहेत, रापणकर आहेत, गिलनेटवाले आहेत. दांडी-वायरीपासून तारकर्ली-देवबागपर्यंत घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या बायका आहेत, आणि ओहोटीला खडपावर कालवे फोडणाऱ्याही आहेत. आमचे आपसात पटतेच असे नाही. पर्यटकांची बोट जाळ्यावरून गेली की बंदरावर काय ऐकायला मिळते ते आपल्या कार्यालयालाही ठाऊक आहे. तरी या कागदाखाली सगळ्यांच्या सह्या आहेत, कारण भांडायलाही खाली काहीतरी जिवंत असावे लागते.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. पाणी तापून प्रवाळ पांढरे पडू लागले की त्या जागांवरचा आमचा धंदा बंद करा, असे आम्हीच म्हणतो आहोत. फक्त कधी बंद करायचा, किती दिवस, आणि त्या दिवसांत चूल कशावर पेटायची, हे पाणी तापण्याआधी ठरवा. आजवर प्रत्येक संकटात हिशेब मागाहून झाला आणि तो नेहमी होडीत बसलेल्या माणसाच्या नावावर पडला.

मालवणचे प्रवाळ लक्षद्वीपसारखे नाही. आमचे पाणी गढूळ, पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ त्यात उतरतो. तरीही किल्ल्याभोवती, पद्मगडाच्या बाजूला, उथळ पाण्यातल्या कातळांवर गोल डोक्यासारखे पोराइट्स, पसरट वाटीसारखे टर्बिनेरिया असे प्रकार तग धरून आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत प्रवाळाच्या जागा मोजक्याच, त्यात ही मोठी. १३ एप्रिल १९८७ रोजी इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. त्या अभयारण्याला आमच्या वडीलधाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता आणि तो विरोध खोटा नव्हता. हद्द नकाशावर होती, पाण्यात नव्हती. कुठे जाळे टाकले की गुन्हा होतो हे सांगायला कोणी आले नाही. ती अढी अजून पूर्ण गेलेली नाही. या मागणीपत्राकडे पाहताना हे ध्यानात असू द्यावे.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाला रंग त्याचा, आणि बहुतेक अन्नही त्याचेच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. पांढरे प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर ते सावरते, नाही निवले तर त्यावर शेवाळ चढते आणि विषय संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ ते २०१९ या काळात मालवणात प्रवाळ पुन्हा पुन्हा पांढरे पडल्याची नोंद केली आहे. आमच्या गाइडांना ते शब्दांविना कळले होते. त्यातल्या एका वर्षी आमच्यातला एक जण वर येऊन मास्क काढता काढता म्हणाला, "खाली पण पाणी ऊन लागता रे." एरवी एप्रिल-मेमध्ये वरचा थर कोमट लागतो, खाली गेले की अंगाला गारवा येतो. त्या वर्षी तो आलाच नाही.

यातली एक गोष्ट आम्हाला फार लागते, म्हणून इथे लिहितो. पांढरे पडलेले प्रवाळ पाण्याखाली सुंदर दिसते. चुन्याने रंगवल्यासारखे, कॅमेऱ्यात उजळ. पर्यटक बोटाने खुणावून त्याच्यासमोरच फोटो मागतो. पंधरा-वीस मिनिटांची डुबकी, अंगावर पहिल्यांदाच चढवलेले सिलिंडर, भीतीने हातपाय मारणारा माणूस, त्याचा एक हात गाइडच्या हातात आणि दुसरा आधार शोधत त्या उपाशी प्रवाळावर. फिनचा एक फटका बसतो आणि वीत-दीड वीत तुकडा सुटून वाळूत पडतो. गाइडने त्याला मागे ओढावे तर वर आल्यावर पैसे परत मागितले जातात. हे दिवसातून किती वेळा होते ते आम्ही मोजलेले नाही, मोजायची हिंमत केलेली नाही. मासे जमावेत म्हणून पाव आणि बिस्किटे आम्हीच टाकली आहेत. फोटोत मासे हवेत ना.

आता हंगामाचे गणित बघा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलपर्यटन आणि किल्ल्याची होडी बंद. म्हणजे मे महिन्यात हातात आलेला पैसा हीच आमची आगोट. तांदूळ, सुकी मासळी, मुलांच्या वह्या आणि होडीला लावायचा रंग, सगळे त्यातून. आणि पर्यटकांची सर्वात मोठी झुंबड असते त्याच दिवसांत प्रवाळ सर्वात अशक्त असते. सगळी गाठ इथे आहे. "तुम्हीच थांबा ना" असे कार्यशाळेत सांगणे सोपे आहे. एकटा जो थांबेल त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या बोटीत बसते.

म्हणून पहिली मागणी साधी आहे, पाण्याचे तापमान मोजा. हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाच्या नोंदींवरून प्रवाळ पांढरे पडण्याचा इशारा देते. अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आखात आणि मन्नारचे आखात यांच्यासाठी ही सेवा उभी राहिली. मालवणसाठी असा इशारा आमच्या बंदरावर आजवर कोणी लावलेला नाही. उपग्रह पाहतो वरचा थर, तोही ठोकळ चौकोनांत, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात त्याच्या जोडीला तळाशी तापमापक हवेतच. किल्ल्याभोवती, चिवला किनाऱ्यासमोर आणि निवतीकडे ते बसवावेत. बसवणे, दर पंधरवड्याला काढून नोंद घेणे, साफ करणे हे काम स्थानिक डायव्हरांना रोजंदारीवर द्यावे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर पर्यटन बोटींच्या लोकांना प्रवाळाच्या निगराणीचे काम मोबदला देऊन सोपवले गेले आहे. आमच्याकडून आजवर नोंदी घेतल्या गेल्या त्या चहापाण्यावर. अहवाल इंग्रजीत छापला गेला, आणि आमच्यापैकी कोणाला त्याची प्रत मिळाली नाही. निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, बंदरावरच्या फलकावर लागला पाहिजे. "धोका: पहिली पायरी", "दुसरी पायरी" असे. वादळाच्या बावट्याची भाषा आम्हाला कळते, तशीच ही असावी.

दुसरी मागणी या सगळ्याचा कणा आहे. पहिली पायरी लागली की नवशिक्यांच्या डुबक्या प्रवाळाच्या जागांवरून हलवून वाळूच्या तळावर किंवा मोकळ्या कातळावर न्याव्यात. दुसरी पायरी लागली की प्रवाळाच्या जागा पूर्ण बंद, पाणी निवेपर्यंत, सगळ्यांसाठी. बाहेरगावचा भांडवलदार बोटवाला असो की आमचा सख्खा भाऊ. आणि त्या प्रत्येक दिवसाचा ठरलेला आधार नोंदणीकृत बोटीवरच्या प्रत्येक माणसाच्या खात्यात. उत्पन्नाच्या टक्केवारीत आम्ही भरपाई मागत नाही, कारण आमच्यातल्या बहुतेकांचा धंदा रोखीचा आहे आणि कागद दाखवा म्हटले की आम्ही अडकणार, हे कबूल. म्हणून दर माणशी, दर दिवशी एकच आकडा असावा, आणि तो हंगामाआधी आमच्यासमोर बसून ठरावा. न्याहारी देणाऱ्या आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांचाही त्यात हिस्सा धरावा. बोट थांबली की खोलीही रिकामी होते. आजवर भरपाईच्या कोणत्याही यादीत त्या बायकांची नावे आली नाहीत.

पैसा कुठून, हे विचारले जाईल. ग्रेट बॅरियर रीफवर प्रत्येक पर्यटकाकडून दररोज शुल्क घेतले जाते आणि ते त्या समुद्राच्या व्यवस्थापनावर खर्च होते. इथे पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाकडून तिकिटात थोडी रक्कम घेऊन ती वेगळ्या निधीत ठेवायला आमची हरकत नाही. पण निधीचे खाते जिल्ह्यात हवे, आणि दरवर्षीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. मुंबईला गेलेला पैसा परत यायला फार वेळ घेतो.

विम्याचाही विचार व्हावा. मेक्सिकोच्या किंताना रू राज्याने प्रवाळाचाच विमा उतरवला. वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्यापुढे गेला की पंचनाम्याविना पैसे मिळतात. २०२० च्या डेल्टा वादळानंतर आठ लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली आणि प्रशिक्षित स्थानिकांनी पाण्यात उतरून तुटलेले तुकडे पुन्हा बसवले. फार लांब जायला नको, गुजरातमधल्या 'सेवा' संघटनेच्या कष्टकरी बायकांना याच पद्धतीचा उन्हाचा विमा मिळाला आहे. हवेचे तापमान पाहून बाईच्या खात्यात पैसे पडू शकतात, तर पाण्याचे पाहून का नाही? अट एकच, मोजमाप हवे. म्हणून तापमापक पहिल्या मागणीत आहेत.

आपत्तीच्या व्याख्येबद्दल थोडे. २००९ ला फयान आले, २०१७ ला ओखी, २०१९ ला क्यार, मे २०२१ मध्ये तौक्ते. तौक्तेत देवगडच्या बंदरात नांगरलेल्या होड्या सुटून माणसे गेली. त्या वेळी केंद्राच्या निकषात पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये होते, पुढे २०२२ पासून १५,०००. जाळ्याला ४,०००. फायबरची होडी, इंजिन आणि जाळी यांचा आजचा भाव बाजारात कोणालाही विचारावा. स्कूबाची बोट तर या निकषात बसतच नाही, कारण तो तक्ता मच्छीमारांसाठी आहे, मग ती बोट मच्छीमाराच्याच पोराची का असेना. राज्याला आपल्या आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंत भाग राज्यापुरत्या आपत्तींवर खर्चता येतो. महाराष्ट्राने त्यात वीज पडणे, अवेळी पाऊस आणि समुद्राचे उधाण यांचा समावेश केलेला आहे. त्याच यादीत सागरी उष्णलाट घालावी, ही तिसरी मागणी. समुद्राचे उधाण आपत्ती होऊ शकते, तर समुद्राचा ताप का नाही? एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतात पीक करपले की पंचनामा होतो. आमचे पीक पाण्याखाली करपते, तिथे तलाठी जात नाही.

प्रवाळाला जे त्रास आपण इथे बसून कमी करू शकतो, ते तरी करावेत. जग दीड अंशाने तापले तर उष्ण कटिबंधातली ७० ते ९० टक्के प्रवाळे जातील, दोन अंशांना जवळपास सगळीच, असे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने २०१८ मध्येच सांगितले. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती बेटांवर १९९८ नंतरच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्मे झाले. हा ताप मालवणच्या नगरपरिषदेला थांबवता येणार नाही. पण आजारी माणसाच्या छातीवर दगड ठेवू नये एवढे करता येते. तो दगड म्हणजे नांगर. गिऱ्हाईक चढवताना-उतरवताना रोज शेकडो नांगर त्याच त्या कातळावर पडतात. कायमचे बोये बसवा, बोट त्याला बांधू. हे काम एका हंगामात होण्यासारखे आहे, आणि ते अजून का झाले नाही याचे उत्तर आम्हाला दर वेळी वेगळ्या खात्याकडून वेगळे मिळते. पाण्यात अधिकार कोणाचा, वनखात्याचा की सागरी मंडळाचा, हे एकदा लेखी कळावे. एका जागेवर एका वेळी किती माणसे उतरतील तो आकडाही ठरावा. पाव टाकणे, प्रवाळावर उभे राहणे, तुकडा वर आणणे यांवर दंड लावावा आणि तो आमच्याकडूनही घ्यावा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतके संरक्षण आहे. वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढायचे पैसे मात्र कोणी घेत नाही.

सांडपाणी आणि गाळ हाही असाच विषय. किनाऱ्यावर दरवर्षी नवी हॉटेले उभी राहतात, त्यांचे पाणी कुठे जाते ते विचारायची पाळी आमच्यावर येऊ नये.

मासेमारीबद्दल थोडक्यात, कारण यावर आमची निवेदने आपल्या दप्तरी आधीच ढीगभर आहेत. तांबोशी, गोब्रा, शेवंड यांना खडपाचा आसरा लागतो. प्रवाळ गेले की ती मासळी आमच्या छोट्या होड्यांच्या पल्ल्यातून जाते. मग गरीब होडीवाल्याने आणखी बाहेर जावे, जास्त डिझेल जाळावे, आणि तिथे त्याला भेटणार कोण? दिवे लावून मासे ओढणारी बोट. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश आहे, एलईडी दिव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, राज्याच्या मासेमारी कायद्यातल्या २०२१ च्या सुधारणेने दंड लाखांत गेला. गस्तीनौका रात्री दिसली पाहिजे, एवढेच. समुद्र तापत असताना मासळीला जो थोडा उसंतीचा वेळ मिळायला हवा, तो बेकायदा जाळी हिरावून घेतात. म्हणून हा विषय या पत्रात आला.

दुसऱ्या उत्पन्नाच्या गोष्टी सांगणाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत आणि थोडे थकलेलेही आहोत. जिल्ह्यात संयुक्त राष्ट्रांचा प्रकल्प झाला, नंतर हरित हवामान निधीच्या मदतीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांसाठी दुसरा आला. त्यातून खेकडे, कालवे आणि शिंपले वाढवायचे प्रशिक्षण मिळाले. काही टिकले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनात फिरवतात, स्वतः वल्ही मारून. ते बघण्यासारखे आहे, आणि ते टिकले कारण गिऱ्हाईक दारात येते. जे बुडाले ते बहुधा बाजारापाशी बुडाले. आमच्या एका सदस्य बाईंनी खाडीत दोऱ्या टांगून शिंपले वाढवले. पीक चांगले आले. काढणीच्या दिवशी घ्यायला कोणी नाही, बर्फ नाही, थंड गाडी नाही. पाच घरांना वाटून टाकले, उरलेले चुलीवर शिजवून शेजाऱ्यांना बोलावले. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे, प्लास्टिकच्या कव्हरात. म्हणून यापुढे प्रशिक्षणाच्या आधी खरेदीदार, शीतपेटी आणि बीज यांची सोय दाखवा. आणि कालवे फोडणाऱ्या बायकांचे नाव कोणत्या तरी खात्याच्या यादीत घाला. त्या मच्छीमार नाहीत, कारण होडी नाही. शेतकरी नाहीत, कारण सातबारा नाही. कोयती आणि टोपली घेऊन ओहोटीला तीन तास ओणव्या राहून जे मिळते त्यावर घर चालते. खडप तापले तर तेही जाईल.

निवृत्त 'गुलदार' युद्धनौका निवतीजवळ बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करण्यासाठी केंद्र सरकारने ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. गर्दी तिकडे वळली तर किल्ल्याभोवतीच्या प्रवाळाला विश्रांती मिळेल, म्हणून आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण लोखंडावर प्रवाळ रुजायला वर्षे लागतात आणि पाणी तापले तर तिथलेही पांढरेच पडेल. जहाज हा प्रवाळाला पर्याय असल्याचे भाषणांतून सांगणे थांबवावे. तिथल्या डुबक्यांचे परवाने स्थानिक गाइडांना आधी मिळावेत, आणि किल्ल्याजवळच्या जागा बंद असतील त्या दिवसांत तिथले काम आपोआप आमच्याकडे यावे, असे करारातच लिहावे. त्या ४६ कोटींच्या तुलनेत बोये आणि तापमापक यांचा खर्च किती, ही बेरीज आपल्या लेखाविभागाने आमच्यासाठी करून द्यावी. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळ-उंचवट्यावरही पर्यटनाच्या योजना अधूनमधून वाचायला मिळतात. तिथे पहिले पर्यटक जाण्याआधी पहिला तापमापक जावा.

हे सगळे ज्या समितीत ठरेल तीत आमची माणसे हवीत, निमंत्रित म्हणून नव्हे, मतासकट.

१ सप्टेंबरला जलपर्यटनाचा हंगाम उघडतो. नारळी पौर्णिमेच्या आधी, म्हणजे बंदरावरची सगळी माणसे जमिनीवर असतात तेव्हा, मालवणात बैठक लावावी. सभागृह नसले तरी चालेल, लिलावाची शेड मोकळी असते. आमच्याकडून सात जण येतील, त्यातल्या तीन बायका, आणि त्यांतल्या एक जण कालवे काढणाऱ्या. त्या दिवशीची ओहोटी पाहून वेळ ठरवावी, नाहीतर त्यांची रोजी बुडेल. विषयपत्रिका मराठीत, आठ दिवस आधी मिळावी. दर माणशी दर दिवशी आधाराचा आकडा हा त्यातला पहिला विषय असावा.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सदस्य
मालवण
(सोबत सह्या आणि अंगठे)